अमेरिकेतल्या खुरी प्राण्यांची शिरगणती कोल्हापुरात बसून: एफिसचं सर्च टूल कितपत कामाचं?

गोकुळला दूध घालणाऱ्या गोठ्यात म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो. त्यावरचा बारा आकडी नंबर म्हणजे त्या जनावराची कुंडली: कधी भरवली, कितवं वेत, लाळ्या खुरकुताची लस कधी टोचली. अमेरिकी प्राणिसंग्रहालयातल्या ओरिक्सला (लांब शिंगांचा वाळवंटी कुरंग) किंवा बारशिंग्याला असे एक सोडून तीन-तीन नंबर असतात. एक त्या संस्थेचा, एक वंशावळीच्या वहीतला आणि एक जगभर चालणारा. पण हे नंबर टाकून कुंडली बघायचं दार बाहेरच्या माणसाला बंद आहे. बाहेरच्यांसाठी जे मोठं सरकारी दार उघडं आहे, त्याचा हा आढावा. अमेरिकी कृषी खात्याच्या प्राणी व वनस्पती आरोग्य विभागाला तिकडे ‘एफिस’ म्हणतात. या विभागाच्या संकेतस्थळावर ‘पब्लिक सर्च टूल’ नावाची सोय आहे आणि परवानाधारक प्राणिसंग्रहालयांचे तपासणी अहवाल तिथे फुकट बघायला मिळतात. शिवाजी विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या मुलांना, राधानगरीत गव्यांच्या मागे फिरणाऱ्यांना आणि परदेशातले खुरी प्राणी किती, कुठे, वाढतायत की घटतायत याची नोंद ठेवणाऱ्या सगळ्यांना ही सोय माहीत असायला हवी. आमच्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. गेलेले दीड तारे कुठे गेले ते पुढे येईलच.

हे अहवाल निघतात ते ‘अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्ट’खाली. कायदा १९६६ चा. सुरुवातीला तो प्रयोगशाळांपुरता होता, १९७० च्या दुरुस्तीनं प्राणी लोकांना दाखवणारे त्यात आले. परवाना घेतलेल्या प्रत्येक संस्थेत कृषी खात्याचा तपासनीस न सांगता येतो. कुंपण, पाणी, निवारा, डॉक्टरची व्यवस्था बघतो आणि अहवाल लिहितो. अहवालाचा मुख्य विषय त्रुटी हाच असतो. खुर वाढलेत का, गव्हाणीत बुरशी धरलीय का, कुंपणाची तार बाहेर आलीय का, हे त्यात वाचायला मिळतं. शिरगणती करणाऱ्याचं लक्ष मात्र शेवटच्या तक्त्यावर हवं. त्या दिवशी तपासलेल्या प्राण्यांची संख्या, शास्त्रीय नाव आणि इंग्रजी नाव अशा तीन रकान्यांचा तो तक्ता असतो. संख्या सहा आकडी खाचेत, म्हणजे बारा काळविटं असतील तर ‘००००१२’. खाली एकूण बेरीज. या सोयीतलं खरं सोनं म्हणजे हा तक्ता.

वापरायची पद्धत सरळ आहे. शोधयंत्रात ‘यूएसडीए एफिस पब्लिक सर्च टूल’ असं इंग्रजीत टाकलं की पान मिळतं, खातं उघडावं लागत नाही. तपासणी अहवालांचा भाग उघडायचा आणि संस्थेचं नाव किंवा परवाना क्रमांक टाकायचा. नावानं शोधताना अडचण येते, कारण परवाना बऱ्याचदा प्राणिसंग्रहालयाच्या लोकप्रिय नावावर नसतो. तो नगरपालिकेच्या, काउंटीच्या किंवा ट्रस्टच्या नावावर असतो. म्हणून नावातला एखादा ठळक शब्द टाकून, राज्य निवडून यादी काढावी आणि एकदा परवाना क्रमांक सापडला की तोच वहीत लिहून ठेवावा. क्रमांकाची रचना समजली तर काम हलकं होतं. पहिले दोन आकडे राज्याचे: ७४ म्हणजे टेक्सास, ५८ फ्लोरिडा, ९३ कॅलिफोर्निया, ३१ ओहायो. मधलं अक्षर परवान्याच्या वर्गाचं. ‘सी’ म्हणजे प्रदर्शक. प्राणिसंग्रहालयं बहुतेक याच वर्गात येतात. ‘ए’ आणि ‘बी’ हे पैदास करणारे आणि विक्रेते.

एका संस्थेच्या अनेक जागा असू शकतात आणि प्रत्येक जागेला वेगळा क्रमांक असतो. सॅन डिएगोची संस्था शहरातलं प्राणिसंग्रहालय चालवते आणि एस्कोंडिडोजवळचं १,८०० एकरांचं सफारी पार्कही चालवते. सफारी पार्क १९७२ साली लोकांसाठी उघडलं आणि खुरी प्राण्यांचे मोठे कळप तिथेच आहेत. फक्त शहरातल्या जागेचा अहवाल बघून ‘सॅन डिएगोत अमुक इतके’ असं लिहिलं तर मोठा भाग गळतो. तसंच नरांच्या वेगळ्या कळपांचं. काळवीट, ओरिक्स, अ‍ॅडॅक्स (हाही वाळवंटी कुरंगच) यांच्यात एका कळपात एकच प्रौढ नर ठेवायची रीत आहे. उरलेले नर दुसऱ्या वाड्यात किंवा दुसऱ्या जागी असतात, आणि पर्यटकांना ते दिसतही नाहीत. तपासनिसाला मात्र दिसतात. पर्यटकांच्या फोटोंवरून केलेल्या गणतीपेक्षा हा तक्ता यामुळेच वरचढ ठरतो.

प्रत्येक अहवालावर तपासणीचा प्रकार लिहिलेला असतो आणि आकडा उचलण्याआधी तो वाचायलाच हवा. ‘रूटीन’ तपासणीत पूर्ण संस्थेचा तक्ता अपेक्षित असतो. ‘फोकस्ड’ तपासणीत तपासनीस आधीच्या त्रुटीपुरता किंवा एखाद्या तक्रारीपुरता आलेला असतो, आणि तक्त्यात तेवढेच प्राणी येतात. नवखा माणूस इथेच फसतो. मार्चच्या अहवालात चाळीस अ‍ॅडॅक्स, जूनच्या अहवालात तीन. कळप मेला की विकला असं वाटून घाबरायचं कारण नसतं, जूनची भेट तीनच प्राण्यांसाठी असते. वहीत फक्त रूटीनचे आकडे घ्यावेत. फोकस्डचा उपयोग एवढाच, की ती जात त्या तारखेला तिथे होती याचा तो पुरावा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो नावांत.

आपल्याकडे दाजीपूरचं अभयारण्य १९५८ सालचं, आणि ‘बायसनचं अभयारण्य’ म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं गेलं. तिथला प्राणी गवा, म्हणजे बॉस गॉरस. अमेरिकी तक्त्यात ‘बायसन’ लिहिलं असेल तर तो त्यांच्या गवताळ मैदानातला केसाळ प्राणी, शास्त्रीय नाव ‘बायसन बायसन’, गवा नव्हे. त्याच प्राण्याला तिकडचे सामान्य लोक ‘बफेलो’ही म्हणतात. आणि तक्त्यात ‘बफेलो’ दिसलं तर तीन शक्यता उरतात: आफ्रिकेचा सिन्सेरस कॅफर, त्यांचाच बायसन, किंवा गंगावेशीच्या कट्ट्यावर जिचं दूध समोर पिळून देतात ती आपली म्हैस, बुबॅलस बुबॅलिस. इंग्रजी नावाचा रकाना म्हणूनच नजरेआड करावा, शास्त्रीय नावच धरावं. ‘एल्क’ची गतही तीच. अमेरिकेत एल्क म्हणजे सर्वस कॅनाडेन्सिस, युरोपात एल्क म्हणजे मूस. ‘अँटिलोप’ म्हटलं की अमेरिकी माणसाच्या डोळ्यापुढे प्राँगहॉर्न येतो. त्याचं शास्त्रीय नाव अँटिलोकॅप्रा, आपल्या काळविटाचं अँटिलोपे. अक्षरं जवळची, प्राणी वेगळ्या कुळांतले. मराठीत ‘हरीण’ हा एकच शब्द दरवर्षी शिंगं गाळणाऱ्या सारंगांनाही चालतो आणि कायमची शिंगं असणाऱ्या कुरंगांनाही. वही मराठीत ठेवायची असेल तर हे दोन गट पहिल्या पानापासून वेगळे ठेवा. नंतर वेगळे करताना दुप्पट काम पडतं.

शास्त्रीय नावही एकदाच शोधून भागत नाही, कारण तक्त्यात जुनी आणि नवी नावं शेजारी शेजारी नांदतात. बारशिंगा रुसर्वस डुव्हॉसेली म्हणूनही येतो आणि जुन्या सर्वस डुव्हॉसेली या नावानंही. डामा गझेल नँगर डामाखाली असेल किंवा गझेला डामाखाली. याच प्राण्याच्या एका उपजातीला अमेरिकेत ‘अड्रा’ म्हणतात आणि दुसरीला ‘म्होर’. साध्या पट्ट्यांच्या झेब्र्याला कुणी इक्वस क्वागा लिहितो, कुणी इक्वस बुर्चेली. प्रत्येक जातीसाठी वहीत जुन्या-नव्या नावांची एक ओळ आधीच करून ठेवली नाही, तर एकाच प्राण्याच्या दोन जाती होतात किंवा एखादी जात यादीतून पुसली जाते.

उपजातीच्या बाबतीत मात्र हे साधन खरोखर तोकडं पडतं, आमचा पहिला अर्धा तारा इथे गेला. जिराफाचं उदाहरण घ्या. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञ गटानं २०२५ साली जिराफाच्या चार स्वतंत्र जाती मान्य केल्या. अमेरिकेत मसाई जिराफ वेगळे सांभाळले जातात, पण तिथले पुष्कळ जिराफ जाळीदार आणि रॉथशिल्ड या दोन वंशांच्या मिश्रणातले आहेत. त्यांना तिकडे ‘जेनेरिक’ म्हणतात. तपासणीच्या तक्त्यात हे सगळे एकाच नावाखाली येऊ शकतात. कायद्याला त्यांच्या पाण्याशी आणि कुंपणाशी मतलब आहे, वंशाशी नाही. जिराफांचं वर्गीकरण हवं असेल तर प्राणिसंग्रहालयाचे फलक, वार्षिक अहवाल आणि जन्माच्या बातम्या जोडीला वाचाव्या लागतात.

गव्याबद्दल इथल्या वाचकाला विशेष कुतूहल असणार. अमेरिकेत गवे मोजक्याच ठिकाणी आहेत, पण त्यांची तिकडची कहाणी मोठी आहे. १९८१ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात गव्याचा गर्भ होल्स्टिन गायीच्या पोटात वाढवून वासरू जन्माला घातलं गेलं. आपल्या गोठ्यातली एचएफ ती हीच होल्स्टिन. २००१ च्या जानेवारीत आयोवा राज्यात क्लोन केलेला गवा गायीच्याच पोटी जन्मला आणि दोन दिवसांत हगवणीनं दगावला. हे सगळे खटाटोप का, तर बाहेरून नवं रक्त आणणं जवळजवळ अशक्य झालंय म्हणून. अमेरिका १९२९ पासून लाळ्या खुरकुतापासून मुक्त आहे आणि तसंच राहण्यासाठी हा रोग असलेल्या देशांतून रवंथ करणारे प्राणी आणण्यावर कडक बंधनं आहेत. पूर्वी असा प्राणी आलाच तर त्याला कायमच्या विलगीकरणाची मान्यता असलेल्या प्राणिसंग्रहालयातच आयुष्य काढावं लागे. पुढे हलवता येत ती त्याची तिथे जन्मलेली पिल्लं. बुळकांडी २०११ साली जगातून संपल्याचं जाहीर झालं, पण लाळ्या खुरकूत आपल्याकडे ठाण मांडून आहे. त्यामुळे अमेरिकेतला बारशिंगा, गवा, काळवीट यांचा साठा म्हणजे पाणी न येणारं तळं आहे. जे आहे ते जपायचं, मोजत राहायचं.

आता दुहेरी मोजणीकडे. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणात बसून गणना करणाऱ्यांना ही अडचण नवी नाही: एका पाणवठ्यावर मोजलेला गवा पहाटे दुसऱ्यावर पुन्हा मोजला जातो. इथे पाणवठ्यांच्या जागी संस्था आहेत आणि एका रात्रीच्या जागी अख्खं वर्ष. मार्चमध्ये ओहायोत मोजलेली अ‍ॅडॅक्सची मादी जूनमध्ये फ्लोरिडाला पाठवली गेली आणि ऑगस्टच्या तिथल्या तपासणीत पुन्हा मोजली गेली, तर देशाच्या बेरजेत ती दोनदा आली. उलटही होतं. फ्लोरिडाची तपासणी फेब्रुवारीत आणि ओहायोची जुलैत झाली तर ती कुठेच नाही. यावर पक्का इलाज नाही, पण चूक आवरता येते. बेरीज करताना सहा महिन्यांच्या खिडकीतलेच अहवाल घ्यावेत आणि प्रत्येक आकड्याशेजारी तपासणीची तारीख असावी. तारखेशिवायचा आकडा वहीत घेऊच नये. तपासण्यांचं वेळापत्रक जोखमीवर ठरतं. ज्या संस्थेत त्रुटी जास्त तिथे फेऱ्या जास्त, ज्या संस्थेचा कारभार चोख तिथे अंतर मोठं. म्हणजे नीट चालवलेल्या ठिकाणांचे आकडे जास्त शिळे असण्याची शक्यता असते.

ऋतूचाही फरक पडतो. अनेक जातींची पिल्लं वसंतात येतात. एका वर्षी एप्रिलचा अहवाल आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरचा, अशी तुलना केली तर वाढ दिसते. ती पिल्लांची असते आणि त्यातली काही हिवाळा पाहत नाहीत. शक्यतो एकाच ऋतूतले अहवाल समोरासमोर ठेवावेत.

तारखेचा दुसरा खोडा आपल्या बाजूचा आहे. अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. ०३/०७ म्हणजे ७ मार्च. भारतीय मांडणीच्या एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये हे चिकटवलं की ती ३ जुलै होते, तोंडातून शब्द न काढता. आणि ०७/२२ सारखी तारीख, बाविसावा महिना नसल्यामुळे, नुसता मजकूर म्हणून पडून राहते. अर्धा रकाना चुकीचा आणि अर्धा निकामी, असा प्रकार होतो. ओळखायची खूण: ज्या तारखा खान्यात डावीकडे चिकटल्यात त्या मजकूर झाल्यात. उपाय एकच, तारीख टंकताना महिना अक्षरांत लिहावा. सहा आकडी संख्यांचंही तसंच. पीडीएफमधून उचललेलं ‘००००१२’ मजकूर म्हणून बसलं तर बेरजेत धरलं जात नाही. पहिल्या पानावरच बेरीज तक्त्याच्या एकूण आकड्याशी ताडून बघावी. नाही जुळली तर बहुधा लांब नाव दोन ओळींत मोडून एखादी ओळ निसटलेली असते.

पाळीव जनावरं वेगळी काढायला विसरू नका. मुलांनी हात लावायच्या वाड्यातल्या शेळ्या, मेंढ्या, अल्पाका, बुटकी गाढवं हीसुद्धा खुरीच, आणि तक्त्यात ती रानटी प्राण्यांच्या मधोमध येतात. एखाद्या छोट्या संस्थेच्या खुरी प्राण्यांच्या आकड्यात अर्ध्याहून अधिक शेळ्याच निघू शकतात.

या साधनाच्या कक्षेबाहेर राहतो तो टेक्सास, निदान त्याचा मोठा भाग. तिथे १९३० च्या दशकापासून काळवीट आणि चितळ खासगी रँचवर, म्हणजे मोठ्या कुरणांच्या मळ्यांवर, सोडले गेले. चितळाला तिकडे ‘अ‍ॅक्सिस’ म्हणतात. किंग रँचवर आणलेल्या नीलगायी पुढे दक्षिण टेक्सासात मोकाट पसरल्या. तलवारीसारख्या शिंगांचा ओरिक्स २००० साली जंगलातून नामशेष म्हणून नोंदला गेला, तेव्हाही टेक्सासच्या रँचवर तो मोठ्या संख्येनं होता. २०१६ पासून चाडमध्ये तो पुन्हा सोडला जाऊ लागला आणि २०२३ साली त्याचा दर्जा ‘नामशेष’वरून ‘संकटग्रस्त’वर आला. जनतेला प्राणी न दाखवणारे रँच प्रदर्शकाच्या परवान्याखाली येत नाहीत, त्यामुळे त्यांची जनावरं या तक्त्यांत नाहीत. आपली बेरीज ‘अमेरिकेतले काळवीट’ म्हणून मांडू नये. ती ‘परवानाधारक प्रदर्शकांकडचे काळवीट’ एवढीच आहे.

उरलेला एक तारा गेला तो नर-मादीसाठी. तक्त्यात ‘नऊ’ लिहिलेलं असतं. ते एक नर आठ माद्या आहेत की नऊच्या नऊ नर, हे कळत नाही. कळपाचं भवितव्य नेमकं तिथे ठरतं. प्राणिसंग्रहालयांची आपसातली लिहिण्याची रीत यासाठी सुंदर आहे: आधी नर, मग टिंब, मग माद्या, मग टिंब, मग लिंग न कळलेले. १.३ म्हणजे एक नर तीन माद्या, ४.७.२ म्हणजे एकूण तेरा. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातला स्पेकच्या गझेलांचा कळप १.३ वर उभा राहिला, म्हणजे सगळी पिल्लं एकाच बापाची. आपल्याकडे वळू बदलला नाही तर काय होतं हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. रेतनाच्या कांडीवर वळूचा नंबर छापतात तो त्यासाठीच. प्राणिसंग्रहालयांनी ही गोष्ट आकड्यांनिशी मान्य केली ती १९७९ साली. रॉल्स, ब्रुगर आणि बॅलू या संशोधकांनी खुरी प्राण्यांच्या १६ जातींच्या जन्ममृत्यूच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या १५ जातींत रक्ताच्या नात्यातल्या आईबापांची पिल्लं जास्त दगावत होती. दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, अमेरिकी प्राणिसंग्रहालय संघटनेनं जातवार सामायिक पैदास योजना सुरू केल्या. खुरी प्राण्यांची वही नीट ठेवली म्हणून हे उमगलं.

ही वही आज ‘झिम्स’ नावाच्या प्रणालीत आहे. १९७४ साली मिनेसोटात ‘आयसिस’ या नावानं सुरू झालेली संस्था २०१६ पासून ‘स्पीशीज३६०’ म्हणून ओळखली जाते. प्राण्याचा जागतिक नंबर, आई, बाप, जन्म, बदल्या, आजार, मृत्यू सगळं त्यात असतं. कळपात दोन नर एकत्र असताना पिल्लू झालं तर बापाच्या जागी ‘मल्ट’ लिहितात, म्हणजे एकाहून अधिक शक्यता. असे ‘मल्ट’ वाढले की वंशावळीचा हिशेब ढासळतो, आणि मोठ्या मोकळ्या कळपांत ते वाढतातच. झिम्सचा दर्जा वादातीत आहे, पण ते सदस्य संस्थांसाठी आहे. संस्थेत नोकरीला नसलेल्या अभ्यासकाला त्यात प्रवेश नाही, आणि आमची खरी तक्रार याच बाबतीत आहे. लोकांच्या तिकिटांवर आणि करांवर चालणाऱ्या संस्थांनी निदान जातवार नर-मादीचा आकडा वर्षातून एकदा तरी खुला करायला हवा.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणालं तर त्याला आपल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची वार्षिक यादी दाखवावी. १ एप्रिलची शिल्लक, वर्षातले जन्म, आलेले, दिलेले, मेलेले आणि ३१ मार्चची शिल्लक. प्रत्येक रकान्यात नर, मादी, लिंग न कळलेले असे वेगळे आकडे, संस्थावार, जातवार, फुकट. किराणा दुकानाच्या खतावणीइतकं स्वच्छ. शिवाय वाईल्डलाइफ इन्स्टिट्यूट ऑफ इंडियानं तयार केलेली गव्याची राष्ट्रीय वंशावळही आहे. अमेरिकी तक्ते वाचायला बसण्याआधी भारतीय यादीतलं एखादं पान वाचावं. चांगली नोंद कशी दिसते ते डोळ्याला कळतं.

अमेरिकी प्राणिसंग्रहालय संघटनेच्या संकेतस्थळाबद्दल थोडक्यात: मान्यताप्राप्त संस्थांची यादी आणि पैदास योजनांची यादी मिळते, कुणाकडे काय आहे ते मिळत नाही. कामाची सुरुवात करायला ती यादी उत्तम. मान्यता दर पाच वर्षांनी नव्यानं मिळवावी लागते, म्हणून जुनी उतरवलेली यादी वापरू नये. एकेका प्राणिसंग्रहालयाच्या स्वतःच्या पानावर प्राण्यांची जी यादी असते ती सर्वात कच्ची. गेलेला प्राणी वर्षानुवर्षं तिथे झळकतो.

सरकारी सोय कायम राहील अशा भरवशावरही राहू नये. २०१७ च्या फेब्रुवारीत एफिसनं हे सगळे अहवाल एका दिवसात संकेतस्थळावरून काढून टाकले होते. काही पुढच्या महिन्यांत परत आले. खाडाखोड न करता, शोधता येतील असे सगळे अहवाल पुन्हा खुले व्हावेत यासाठी अमेरिकी काँग्रेसला २०२० च्या खर्चाच्या कायद्यात तशी अट घालावी लागली. उघडलेला प्रत्येक अहवाल तेव्हाच उतरवून ठेवावा. फाइलचं नाव परवाना क्रमांक, जागेचा क्रमांक, आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमानं दिलं की फोल्डरमध्ये आपोआप ओळीनं लागतं. नवे अहवाल तपासणीनंतर लगेच दिसत नाहीत. संस्थेला हरकत घ्यायची मुदत असते, त्यामुळे काही आठवडे मागेपुढे होतात.

संख्या आणि मोल यांतला फरक ध्यानात राहावा म्हणून दोन उदाहरणं वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवण्यासारखी आहेत. १९६३ च्या सुमारास फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात अरबी ओरिक्सांचा ‘जागतिक कळप’ जमवला तेव्हा त्याची संख्या होती नऊ. १९७२ पर्यंत जंगलातला शेवटचा ओरिक्स संपला, आणि १९८२ साली ओमानच्या वाळवंटात ओरिक्स पुन्हा सोडले गेले. दुसरं, २०२० च्या ऑगस्टमध्ये टेक्सासात जन्मलेला कुर्ट हा प्रझेवाल्स्की घोडा, म्हणजे मध्य आशियातला रानटी घोडा. १९८० साली गोठवून ठेवलेल्या पेशींपासून त्याला क्लोन केलं, कारण त्या जुन्या घोड्याची जनुकं आजच्या कळपात फारशी उरली नव्हती. तपासणीच्या तक्त्यात कुर्ट म्हणजे इक्वस प्रझेवाल्स्कीसमोरच्या आकड्यातला फक्त एक.

सुरुवात करणाऱ्यानं पहिली जात बारशिंगा निवडावी. तो ठेवणाऱ्या संस्था थोड्या, शास्त्रीय नावं दोनच, पाळीव भाऊबंद नाहीत. पहिल्या दिवशी संघटनेच्या यादीतून मोठ्या जागा असलेल्या संस्था काढाव्यात, दुसऱ्या दिवशी त्यांचे परवाना क्रमांक आणि जागांचे क्रमांक, आणि मग प्रत्येकीचे शेवटचे दोन रूटीन अहवाल. शीटला रकाने सात पुरतात: परवाना, जागा, तपासणीची तारीख, प्रकार, तक्त्यात लिहिलेलं नाव जसंच्या तसं, आपण मानलेलं नाव, संख्या. आठवा रकाना नर-मादीसाठी रिकामा ठेवावा. एखाद्या जन्माच्या बातमीतून किंवा वार्षिक अहवालातून ते कळलं की त्यात १.३ असं लिहायचं, आणि बातमीची तारीखही त्याच खान्यात.